वाळूत परत केलेलं

आये,

आज पालघरला कोर्टात गेलो होतो. सकाळी साडेदहाला जाऊन बसलो, दुपारी सव्वातीनला आमचा पुकारा झाला, आणि पाणी पिऊन ग्लास खाली ठेवायला लागतो तेवढ्या वेळात पुढची तारीख मिळाली. महिनाभरानंतरची. माझ्या शेडमधला वेल्डर, ज्याला आम्ही सगळे मिस्त्री म्हणतो, तो तीन महिने झाले ठाण्याच्या तुरुंगात आहे. त्याला बाहेर काढायला मी जे करायला जातो ते माझ्याच अंगाशी येतं, खाडीच्या चिखलात एक पाय उपसावा आणि दुसरा गुडघ्यापर्यंत जावा तसं. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात तुला सांगावं असं पुष्कळ घडलं. शेड उभी राहिली, आपल्या मुरब्याच्या घराला स्लॅब झाला, माझा पोरगा, तुझा नातू, इंजिनीअर झाला. ते सगळं मी तुला मनातल्या मनात सांगून मोकळा झालो. हे मात्र मनात नीट मांडता येत नाही, म्हणून कागद घेतला. कारण तो माणूस आत गेला तो पोलिसांच्या हुशारीने नाही. माझ्या हुशारीने गेला, आणि ती हुशारी मी तुझ्याकडून उचललेली होती.

मिस्त्री दरभंग्याकडचा, आता चाळिशी उलटलेला. बारा वर्षांपूर्वी बोईसरच्या नाक्यावर सकाळी माणसं उभी असतात त्या गर्दीत उभा होता, काखेत स्वतःचं वेल्डिंगचं हेल्मेट. मी विचारलं, "क्या आता है?" तर म्हणाला, "लोहा तो कोई भी जोड़ लेता है सेठ, मैं स्टेनलेस जोड़ता हूँ." त्या एका वाक्यावर मी त्याला स्कूटरवर मागे बसवून आणला. खोटं बोलला नव्हता. आमच्याकडे केमिकल कंपन्यांना लागणाऱ्या टाक्या आणि पाइप बनतात. गळती झाली तर नुसता माल जात नाही, माणूस जातो, त्यामुळे सांधा नीट बसणं हेच सगळं काम. माझे कान तुला माहीतच आहेत. ऑफिसात पाठ करून बसलो असलो तरी बाहेर कोण वेल्डिंग करतोय ते मला आवाजावरून कळतं. नवख्याचा आवाज तुटक येतो, फटाफट, मध्येच गप्प. मिस्त्रीचा म्हणजे मंद आचेवर बोंबील तळत ठेवावेत तसा, सलग, एका सुरात. तो आवाज चालू असला की मी निवांत चहा पितो. गेले तीन महिने चहा गार होतोय.

झालं असं की स्टोअरमधून स्टेनलेसचे सहा व्हॉल्व गेले. तळहातावर एक मावेल एवढे, पण जड आणि महागडे. शेड आता कागदोपत्री पोराच्या नावावर आहे, त्याने सगळीकडे कॅमेरे लावलेले. फक्त स्टोअरच्या खोलीत नव्हता. चोरी कळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने तिथेही एक बसवला, दाराच्या वर, डासाएवढा लाल दिवा असलेला. म्हणाला, "पप्पा, पोलिसात देऊ. ते बरोबर काढतील." मी म्हटलं, "थांब. पोलीस आले की बाराच्या बारा माणसांना भिंतीला उभं करतील, आणि ज्याने घेतले नाहीत त्याचाही हात उद्यापासून थरथरेल. हात थरथरला की सांधा गेला. माझ्याकडे एक उपाय आहे." तो हसला. "गावठी?" मी म्हटलं, "गावठीच. पण चालतो."

चालतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्यातूनच आलोय. एकोणीस वर्षांचा होतो, दहावीत दोनदा आपटलेला, दिवसभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत लोळायचो. शेजारच्या काकीचा नवरा परदेशी जाणाऱ्या बोटीवर कामाला होता, त्याने तिकडून मनगटी घड्याळ आणलेलं. ती ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवायची, आणि ती कुडाची भिंत तिची आणि आपली एकच. मला त्या घड्याळाची टिकटिक इकडे ऐकू यायची. सगळे म्हणायचे, काहीतरीच सांगतो. पण मला यायची, जेवताना, झोपताना. एका दुपारी काकी मासळी घेऊन बाजारात गेली आणि मी जाऊन ते घेऊन आलो. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही. विकायचं नव्हतं, घालून मिरवता येणार नव्हतं. नुसतं कानाशी धरायचं होतं.

गावात बोभाटा झाला, पण पंचांनी कुणाचं नाव विचारलं नाही. आपल्याकडे रीतच तशी होती. दवंडी फिरली: उद्या सकाळी घरटी एक पाटी वाळू. प्रत्येक घरातली एक बाई किनाऱ्यावरून पाटीभर वाळू आणणार, वर फडकं झाकून. देवळाशेजारी जाळी ठेवायची खोली होती, तिच्यात एकेकीने एकटीने जायचं, कोपऱ्यात पाटी ओतायची, आणि रिकामी पाटी उलटी धरून बाहेर यायचं. सगळी घरं झाली की दोन म्हातारे आत जाऊन तो ढीग हाताने चाळणार. गेलेली वस्तू बहुतेक वेळा त्यात निघायची. मग कुणी कुणाला काही विचारायचं नाही, आणि जो विषय काढेल त्यालाच दंड. ती सकाळ मला अजून दिसते. ओहोटी लागलीय. तू पाटी उचलून निघतेस आणि मी म्हणतो, "आये, दे इकडं, मी भरून आनतो." तू माझ्याकडे बघतेस. एकोणीस वर्षांत मी तुला कधी पाण्याची कळशी भरून दिलेली नाही. तू पाटी माझ्या हातात देतेस. मी भरून आणतो, वर ओलं फडकं टाकतो, तू चुंबळ ठेवून ती डोक्यावर घेतेस आणि चालू लागतेस. देवळापर्यंत मी तुझ्या मागे चालतो. एकदाही तू फडकं उचलून बघत नाहीस. घड्याळ सापडलं तेव्हा काकी सगळ्यांसमोर ते झटकत होती. "मेल्यानं देताना फडक्यात तरी बांधून द्यायचं! आता वाळू गेली आत, चालंल का कवा?" सगळं गाव हसलं. तूही हसलीस. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

आठवड्याभराने तू अंगणात दोरीवर बोंबील घालत होतीस. माझ्याकडे पाठच. म्हणालीस, "हाताला काम नाय म्हनून हात भटकतो. उद्यापासून बोईसरला जा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं वर्कशॉप हाय, मी बोललेय त्याच्याशी." एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीशी एक नवा डबा भरून ठेवलेला, पितळी कडीचा. तो डबा तू घड्याळ सापडायच्या आधी घेतलास की नंतर, हे मी कधी विचारलं नाही. आज माझ्याकडे जे काही आहे ते त्या डब्यापासून सुरू झालं. तर अशा माणसाने, शेडमध्ये चोरी झाल्यावर, दुसरं काय करायला हवं होतं?

मी सगळ्यांना जमवलं. आमच्याकडे वाळूला तोटा नाही, टाक्या घासून साफ करायला ती लागतेच. म्हटलं, मध्ये सुट्टीचा एक दिवस आहे, परवा सकाळी प्रत्येकाने एक बादली वाळू भरायची, झाकण लावायचं, एकट्याने स्टोअरमध्ये जाऊन ओतायची. ज्याच्याकडे जे असेल ते वाळूतून येऊ दे. एक जण म्हणाला, "सेठ, बालू में से क्या निकलेगा, भगवान?" दुसरा म्हणाला, "तेरा पिछले महीने का खोया हुआ हथौड़ा निकलेगा." हशा झाला. झाडलोट करणारी बाई एडवणची, आपल्यासारखीच किनाऱ्यावरची, ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "शेठ, असं आमच्याकडं पन करायचे. पन तवा बाया जायच्या. पुरषांना बादली भरता येल का नीट?" मी म्हटलं, "शिकतील." मग जरा गंभीर होऊन म्हणालो, "कोई नहीं देखेगा. कोई नहीं पूछेगा. मेरी ज़बान." मिस्त्री मागे उभा होता. फारसं न बोलणारा माणूस. तो म्हणाला, "पक्का, सेठ?" मी म्हटलं, "पक्का."

ठरलेल्या सकाळी बारा बादल्या गेल्या आणि बारा रिकाम्या आल्या. मी आणि त्या बाईने ढीग चाळला. सहाच्या सहा व्हॉल्व निघाले. आणि आये, काय सांगू, प्रत्येक व्हॉल्वची दोन्ही तोंडं चिकटपट्टी लावून बंद केली होती. आट्यांत वाळू जाऊ नये म्हणून. मी ते हातात घेऊन तिथेच जमिनीवर बसलो. काकीचं घड्याळ आठवलं. चोरी केलेली वस्तू परत देताना खराब होऊ नये एवढी काळजी घेणारा माणूस आमच्या शेडमध्ये एकच होता, हे मलाही कळलं आणि त्या बाईलाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. मी सगळ्यांना वडापाव मागवला. मिस्त्रीने दोन खाल्ले. त्या दुपारी बोंबील तळल्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, आपण काहीतरी जिंकलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पोलिसांची जीप आली. पोराने स्टोअरमधला कॅमेरा चालू ठेवला होता. त्यात मिस्त्री बादलीतून एकेक व्हॉल्व काढून हलक्या हाताने वाळूवर ठेवताना, मग वर वाळू लोटताना स्वच्छ दिसत होता. ओतलेसुद्धा नाहीत त्याने, ठेवले. तोच पुरावा. म्हणजे त्याने चोरी केली ते कुणी पाहिलं नाही, परत केलं ते पाहिलं, आणि परत केलं म्हणून तो पकडला गेला. फिर्याद पोराच्या सहीने. ती फीत आजूबाजूच्या शेडवाल्यांच्या ग्रुपवरही गेली, खाली लिहिलेलं, सावधान. आता सुटला तरी बोईसरमध्ये त्याला कोणी दारात उभं करणार नाही. मी पोराला म्हटलं, "अरे, माल मिळाला होता ना?" तो म्हणाला, "पप्पा, माल मिळाला म्हणजे गुन्हा झाला नाही असं होत नाही. आज याला सोडला तर उद्या बाकीचे अकरा वाळूच भरत बसतील." त्याची आई त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही. पोरगा वाईट नाही, आये. रात्रंदिवस राबतो. त्याचं म्हणणं खोडून काढायला मी तोंड उघडतो आणि मलाच त्यातलं अर्धं पटतं.

मी दोन परदेश बघितले, हे तुला माहीत आहे. पण तिथे काय बघितलं ते सांगायचं राहून गेलं. सिंगापूरच्या गोदीत चार वर्षं होतो. एका खोलीत सोळा जण. त्यातल्या एकाने तांब्याच्या केबलचा तुकडा जेवणाच्या पिशवीतून नेला आणि गेटवर सापडला. संध्याकाळी त्याची खाट रिकामी, उशीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सूचनांत त्याचं नावही नाही. हातमोजे घाला, पाणी प्या, कामाला लागा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. मी सायकल कुलूप न लावता ठेवायचो आणि ती तिथेच असायची. आपल्याकडे असं का नाही, असं मी तुला फोनवर म्हटलंही होतं. तू विचारलं होतंस, "मग त्या पोराचं काय झालं?" मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

तिथून कंपनीने आम्हा काही जणांना नॉर्वेला पाठवलं, समुद्रातल्या एका तेलाच्या प्लॅटफॉर्मचं राहिलेलं काम किनाऱ्यावरच्या शेडमध्ये करायला. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गोरा वेल्डर होता. तो सकाळी तुरुंगातून कामाला यायचा आणि संध्याकाळी तुरुंगात परत जायचा. डबा घेऊन, आपण बोईसरहून मुरब्याला जावं तसा. मला वाटलं माझं इंग्रजी कमी पडतंय. मी फोरमनला विचारलं, तो म्हणाला, बरोबर ऐकलंस. मग एकदा मी त्यालाच विचारलं, काय चोरलंस? म्हणाला, होडीचं इंजिन. आये, होडीचं इंजिन! आपल्या किनाऱ्यावर इंजिन नेणाऱ्याचं काय झालं असतं, तूच सांग. मी विचारलं, किती? म्हणाला, चार. मी पाकीट मागच्या खिशातून पुढच्या खिशात घेतलं. त्याने ते बघितलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस, तुझ्या पाकिटाला पंखा नाही." त्याला आणि एका इंजिनाच्या मालकाला समोरासमोर बसवलं होतं म्हणे, मध्ये कॉफी. मालक म्हणाला, नेलंस ते नेलंस, एवढे दिवस ठेवलंस तर साफ तरी करून द्यायचंस. मला हसू आवरेना, कारण काकी आठवली. मी फोरमनला म्हटलं, तुम्हाला याची भीती नाही वाटत? तो म्हणाला, या गावात आम्ही वेल्डर सात. एकाला कायमचं बाहेर ठेवलं तर हिवाळ्यात बोटी कोण दुरुस्त करणार? तू गेल्याचा फोन मला नॉर्वेच्या त्याच शेडमध्ये आला. सगळ्यांत आधी उठून माझ्यापुढे कॉफी ठेवली ती त्या इंजिनचोराने.

हे तीन महिने मी याच एका गोष्टीवर डोकं चालवतोय. चोरी सगळीकडे सारखीच असते. नजर चुकवायची, वस्तू उचलायची, कुठेतरी दडवायची. मग एका देशात त्या माणसाची खाट गायब होते, दुसऱ्या देशात त्याला कॉफी मिळते, आणि आपल्याकडे त्याला तारीख मिळते, असं का? टीव्हीवर शहाणी माणसं सांगतात, ते देश श्रीमंत आहेत, ते लहान आहेत, त्यांचे कायदे वेगळे. पोरगा म्हणतो, "तिथे माणसं किती, इथे किती, तुम्ही काय बोलता पप्पा." असेल तसंही. पण मला त्या फोरमनचं म्हणणं जास्त जवळचं वाटलं, कारण ते मी आधी आपल्या किनाऱ्यावर बघितलं होतं. पावसाळ्याआधी होडी वर ओढायला सगळं गाव लागायचं. ज्याच्याशी भांडण त्याचाही खांदा लागायचा. मग कुणाला चोर ठरवून कायमचं बाहेर काढणं परवडणार कसं? म्हणून वाळू. आणि बोईसरच्या नाक्यावर रोज सकाळी शंभर माणसं उभी. एक गेला तर दुसरा मागे बसायला तयार. तिथे कोण कुणासाठी वाळू चाळत बसणार?

एवढ्यावर मला बरं वाटलं असतं. आपलं गाव शहाणं, बाकी जग वेडं. पण मग मला तो भातकापणीचा गडी आठवला. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. डोंगराकडून कापणीला माणसं आली होती, त्यातल्या एकावर कुणाच्या तरी वाडीतले नारळ नेल्याचा आळ आला. त्याच्यासाठी दवंडी फिरली नाही. त्याला सुरूच्या झाडाला बांधला आणि येणारा-जाणारा मारत होता. नारळ त्याच्याकडे सापडलेही नाहीत. मी धावत घरी आलो आणि तुला म्हटलं, "आये, वाळू का नाय करत?" तू करंदी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "वाळू आपल्या मानसांची. त्याला परत कुठं भेटायचंय आपल्याला?" मी ते वाक्य पंचेचाळीस वर्षं विसरलो होतो असं मला वाटत होतं. विसरलो नव्हतो. तुला दोष देत नाही, आये. देतोही. मला माझीच रीत सांगताना नेहमी घड्याळ आठवतं आणि झाड आठवत नाही. मिस्त्री बारा वर्षं माझ्याकडे होता, माझ्या पोराच्या लग्नात त्याने मांडवाचे पाइप जोडून दिले, आणि तरी जीप आली तेव्हा शेडमधला एकही माणूस पुढे झाला नाही, त्यात मीही आलो. मी ऑफिसच्या दारात उभा होतो. मनात म्हणत होतो, होईल काहीतरी, संध्याकाळपर्यंत सुटेल.

आता काय होतंय ते ऐक. वकील पालघरचा, माझ्याच वयाचा, बरा माणूस आहे. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, फिर्याद मागे घेतो. तो म्हणाला, "शेठ, फिर्याद म्हणजे पापलेट नव्हे, आवडलं नाही म्हणून परत टोपलीत टाकायला." तडजोड होऊ शकते, पण कोर्टाच्या परवानगीने, वेळ आल्यावर, आणि फिर्याद पोराची, त्यामुळे पोराने हो म्हणायला हवं. पोरगा अजून हो म्हणत नाही. जामीन मंजूर झालाय, पण इथला जामीनदार हवा, कागदपत्रांसकट. मिस्त्रीला इथे कोण? त्याचा भाऊ गावाहून आला, तिकडची कागदं घेऊन चार दिवस कोर्टाच्या आवारात बसला आणि परत गेला. मी म्हटलं, मी राहतो जामीन. वकिलाने चष्मा काढला. "तुमच्या शेडमध्ये चोरी, तुमच्या पोराची फिर्याद, आणि जामीनदार तुम्ही? न्यायाधीश साहेब मला विचारतील, हे काय नाटक आहे. आणि उद्या पोलीस म्हणतील, बाप साक्ष फिरवतोय." शेडमधल्या दोघांनी इथेच घर घेतलंय, त्यांना मी विनवलं, तुम्ही राहा. एक जण म्हणाला, "सेठ, आपके कहने से बाल्टी भरी थी. अब आपके कहने से काग़ज़ नहीं भरेंगे." आयुष्यभर मी बोलून कामं केली. पोलिसाशी, साहेबाशी, युनियनवाल्याशी, कुणाशीही दोन गोष्टी हसून बोललो की वाट निघायची. इथे सगळे माझ्याशी चांगलं बोलतात, खुर्ची देतात, चहा मागवतात, आणि काहीच हलत नाही.

आज त्याला आणलं होतं. हवालदाराने हात धरलेला, गर्दीत आम्ही दोन मिनिटं समोरासमोर आलो. बारीक झालाय. मी म्हटलं, "मिस्त्री, कैसे हो?" तर म्हणाला, "वो बड़ी टंकी का आख़िरी जोड़ बाक़ी था, सेठ. किसको दिया?" मी एका नवख्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "अरे, वो टेढ़ा कर देगा. उससे मत करवाओ." मी म्हटलं, "कर दिया उसने. टेढ़ा ही किया." तो हसला. मग हवालदाराने त्याला पुढे ओढलं आणि तो जाता जाता, रागाने नाही, नुसतं विचारल्यासारखा म्हणाला, "आपने बोला था ना सेठ, कोई नहीं देखेगा?" आजूबाजूला पन्नास माणसं बोलत होती, पंखे खडखडत होते, आणि मला त्याचा प्रत्येक शब्द ऐकू आला. मी म्हटलं, "लड़के ने किया, मिस्त्री. मेरे को पता नहीं था." त्याने मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते त्या गर्दीत कळलं नाही.

घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, पोराशी परत बोला. तिला वाटतं सगळी अडचण पोराची आहे. वकिलालाही तसंच वाटतं. वर मी तुलाही तसंच लिहिलं, की पोराने कॅमेरा चालू ठेवला होता. चालू त्यानेच ठेवला होता, ते खरं. पण त्या सकाळी बादल्या भरायच्या आधी तो ऑफिसात आला होता आणि म्हणाला होता, "पप्पा, तुम्ही शब्द दिलाय, तर स्टोअरचा कॅमेरा बंद करू का?" मिस्त्रीने "पक्का, सेठ?" म्हणून विचारलं तेव्हाच, त्याच्या आवाजावरून, मला कोण ते कळलं होतं. पस्तीस वर्षं कानांच्या भरवशावर काम केलं, आणि त्या दिवशी मला डोळ्यांनी बघायचं होतं. पोलिसांना द्यायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मी पोराला म्हटलं, "असू दे." पोराने हे आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही, त्याच्या आईलाही नाही.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हा कागद मलाच तुझ्यासमोर बसून वाचावा लागला असता, आणि पोराला म्हटलेले ते दोन शब्द मी गाळले असते.